दोनातोची ओव्होली

दोनातोने टोपली फडक्याने झाकून आणली होती आणि पंगत बसेपर्यंत तो तिला कुणाला हात लावू देत नव्हता. मृणालिनीने दोनदा विचारलं, "फ्रिजमध्ये ठेवू का?" दोन्ही वेळा त्याने नुसतं बोट हलवलं. शेवटी त्याच्या बायकोने, विहीणबाई फिलोमेनाने, हसत हसत तिची समजूत काढली. अळंब्यांच्या बाबतीत तो घरीही असाच वागतो. कुठून आणल्या ते बायकोलासुद्धा सांगत नाही.

माँट्रियलजवळच्या ब्रॉसार्डमधल्या मृणालिनीच्या घरात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्या मुलीचं, चैत्रालीचं, डोहाळजेवण होतं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका आल्या होत्या, मृणालिनीच्या नवऱ्याची, रविकांतची, बहीण यामिनी आदल्या दिवशीच केंब्रिजहून पाच-सहा तास गाडी हाकत आली होती. मोगरा कुठला मिळणार, म्हणून तिने कार्नेशनची वेणी आणि बाजूबंद गुंफले होते. हिरव्या साडीतली चैत्राली दिवाणखान्यात खुर्चीवर बसली होती आणि तिच्या नवऱ्याला, एलिओला, धनुष्यबाण हातात देऊन फोटोला उभं केलं होतं. बाण उलटा धरला म्हणून बायका त्याला हसत होत्या. तोही हसत होता. मागच्या वर्षी याच एलिओच्या नावाने रविकांतने घरात अबोला धरला होता, हे त्या हसण्यात कुणाला आठवत नव्हतं. मृणालिनीला आठवत होतं. त्या सगळ्या महिन्यांत एकटी तीच जावयाच्या बाजूने उभी राहिली होती.

ओव्होलीची फर्माईश चैत्रालीची होती. लग्नानंतर एलिओ तिला मोलीझेला, बापाच्या प्रांतात, घेऊन गेला होता. इटलीला जाऊन आली म्हटल्यावर मंडळातल्या बायकांनी व्हेनिसचे फोटो मागितले, तर हिच्याकडे होते दगडी भिंतींचे, मिटलेल्या दारांचे आणि मेंढ्यांचे. खुद्द तिकडचे लोकसुद्धा असा प्रांत नाहीच म्हणून थट्टा करतात. डोंगराच्या टोकावर गाव, गावातल्या निम्म्या घरांना कुलपं, आणि कुलपांच्या किल्ल्या माँट्रियलमधल्या कुठल्या ना कुठल्या ड्रॉवरमध्ये. गावाखालून गवताचा एक रुंद पट्टा जातो. थंडी पडायच्या आत मेंढपाळ कळप घेऊन त्या पट्ट्याने खालच्या मैदानात उतरत, वसंतात परत चढत. शेकडो वर्षं ते चाललं. दोनातोचा बाप त्या पट्ट्यावरून चालला होता, दोनातो स्वतः लहानपणी चालला होता. आता तिथे गुडघाभर गवत आहे आणि संध्याकाळी पलीकडच्या गावातून घंटांचा आवाज येतो. त्या गावात अजून घंटा ओततात.

तिथे दोनातोच्या चुलतबहिणीने चैत्रालीपुढे एक बशी ठेवली होती. ओव्होली म्हणजे अंडी. ही अळंबी कोवळी असताना पांढऱ्या पापुद्र्यात मिटलेली असते आणि उकडलेल्या अंड्यासारखीच दिसते. कापली की आत नारिंगी-पिवळा गर. ती कच्चीच चिरायची, वर तेल आणि लिंबू. सातव्या महिन्यात आईने "काय खावंसं वाटतं?" विचारलं तेव्हा चैत्राली अळूचं फदफदं नाही म्हणाली, पुरणपोळी नाही म्हणाली. म्हणाली, "त्या गावातली ओव्होली." डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, हे मृणालिनीने हसत हसत व्याह्यांना सांगितलं आणि दोनातोने ते अगदी मनावर घेतलं. त्याच्याही गावात मोसमातली पहिली मिटलेली ओव्होली घरातल्या गर्भारणीला देत. तो एकटाच गाडी घेऊन कुठल्याशा ओकच्या रानात गेला आणि टोपली भरून परतला.

जेवणाआधी त्याने स्वतः चिरलं. उमललेल्या अळंब्यांचे नारिंगी तुकडे मोठ्या थाळीत, सगळ्यांसाठी. मिटलेल्या अंड्यांचे काप वेगळ्या बशीत, फक्त सुनेसाठी. कच्चं म्हणून मृणालिनीने, यामिनीने आणि मंडळातल्या बायकांनी घेतलं नाही; वाढायच्या नादात फिलोमेनाचं राहूनच गेलं. रविकांतने व्याह्यांचा मान म्हणून दोन तुकडे खाल्ले आणि "एकदम फर्स्ट क्लास" म्हणाला.

दुपारी पाहुणे गेले. चैत्राली वर जाऊन आडवी झाली. यामिनी ओटा आवरायला लागली, आणि थोड्या वेळाने तिने अगदी हळू आवाजात हाक मारली.

"वहिनी, जरा इकडे या. एकट्याच या."

सिंकशेजारी सालपटांचा ढीग होता. त्यातून तिने अर्धं चिरलेलं एक अंडं काढून पेपर टॉवेलवर ठेवलं होतं. चिरताना निसटून सालपटांत गेलं असावं.

"पिवळं असायला पाहिजे ना आतून? चैत्रालीने फोटो पाठवले होते तेव्हा पिवळं होतं."

मृणालिनी बघत राहिली. ते आतून पांढरं होतं. टोपीचा कोवळा आकार, दांडी, सगळं पांढरंशुभ्र.

"कोवळं असेल," ती म्हणाली.

"वहिनी, मी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे मागे एक कपल आलं होतं, असंच जंगलातून पिक करून खाल्लेलं. पहिल्या दिवशी त्यांना काहीच झालं नाही. मग उलट्या झाल्या, मग दोन दिवस बरं वाटलं. तोपर्यंत लिव्हर गेलं होतं." यामिनीने हात पुसले. "मला मशरूममधलं काही कळत नाही. पण हे मला आवडलेलं नाही."

मृणालिनीने रविकांतला बेसमेंटमध्ये गाठलं. तो आणि दोनातो खाली दोनातोच्याच घरच्या वाईनची बाटली उघडून बसले होते. व्याह्यांना वर पाठवून तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

रविकांत आधी हसला. "अगं, तो माणूस पाच वर्षांचा असल्यापासून मशरूम गोळा करतोय. यामिनीला काय, लॅबमध्ये बसून सगळीकडे रोगच दिसतात."

"अहो, पांढरं आहे ते. तुम्ही बघा तर खरं."

"आणि बघून काय करू? वर जाऊन विचारू, की तुम्ही आमच्या मुलीला विष घातलंत का?" त्याचा आवाज चढला. "मृणाल, एक वर्ष मी त्यांच्याशी धड बोललो नाही. तूच म्हणायचीस ना, ती माणसं लाख मोलाची आहेत? आता मी त्यांना मानायला लागलो तर तुला शंका?"

मृणालिनीला या बोलण्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो असा चढ्या आवाजात बोलायला लागला की स्वतःच घाबरलेला असतो हे तिला संसाराच्या इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"मला त्यांच्यावर शंका नाही," ती म्हणाली. "मला त्या बशीची भीती वाटते. चैत्रालीची बशी वेगळी होती."

रविकांतने ग्लास खाली ठेवला. मग तो तिच्यामागून जिना चढला.

वर यामिनीने कुणाचीही परवानगी न घेता विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला होता. पलीकडून फ्रेंच सुरू झालं आणि यामिनीचं फ्रेंच बोंजूरपाशी संपत होतं. ती इंग्लिश, इंग्लिश म्हणत असतानाच एलिओ किचनमध्ये आला. त्याने गंमत म्हणून फोन घेतला आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. तो बराच वेळ फक्त "वी, मादाम" म्हणत होता.

"What did they say?" यामिनीने विचारलं.

"ज्यांनी ज्यांनी खाल्लं, सगळ्यांनी आत्ता इमर्जन्सीला जायचं. त्रास व्हायची वाट बघायची नाही. Once it starts, it's already late." त्याने पेपर टॉवेलवरचा तुकडा पाहिला. "आणि हे बरोबर न्यायचं."

मग तो बाहेरच्या खोलीत गेला. दोनातो आरामखुर्चीत बसून टीव्हीकडे बघत होता. फिलोमेना शेजारी होती. एलिओ बापाशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलला, पण काय चाललंय हे कळायला भाषेची गरज नव्हती. दोनातो ताडकन उठून उभा राहिला. त्याने छातीवर हात मारला. मग सगळ्यांना समजावं म्हणून आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझ्या गावात कुणी मेलं नाही. माझा बाप नाही, त्याचा बाप नाही. मी बघून घेतो, एक-एक."

एलिओने तो पांढरा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "पापा, याचा रंग कुठला?"

दोनातो खिडकीपाशी गेला. सप्टेंबरचं लख्ख ऊन होतं. त्याने तुकडा डोळ्यांजवळ नेला, उलटसुलट केला, आणि आता यांना काय सांगावं अशा चेहऱ्याने मागे वळला.

"पिवळा," तो म्हणाला.

रविकांतच्या डोळ्यांपुढे आई आली. ती शेवटच्या वर्षांत रोज तक्रार करायची की दूध पिवळं आलंय, गवळी काहीतरी मिसळतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर दूध पुन्हा पांढरं झालं. व्याह्यांवर आंधळा विश्वास टाकून आपण बायकोला बेसमेंटमध्ये गप्प करत होतो, हे त्याला आठवलं आणि तो न बोलता गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला.

"मी चैत्रालीला घेऊन पुढे होतो," एलिओ म्हणाला. "You guys follow."

यामिनीच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर दोनातो बसला होता, पोटावर हात बांधून. बायको एका बाजूला, व्याही दुसऱ्या बाजूला. मृणालिनी पुढे बसली होती आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. दोनातोला ते बरोबर वाटलं. त्यानेही पाहिलं नसतं.

रान तर तेच होतं. ओकची झाडं तीच, पाऊस पडून गेल्यावरचा वास तोच, पायाखालचा पाचोळा तोच. कॅनडात आल्यापासून एवढी एकच जागा त्याला अशी सापडली होती, जिथे उभं राहिलं की पलीकडच्या उतारावर घंटा वाजेल असं वाटायचं. सगळं तेच आहे म्हटल्यावर अळंबी तेवढी वेगळी कशी निघेल? हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"एकटे का गेलात?" रविकांतने विचारलं. रागाने नाही. "एलिओला न्यायचं. मला न्यायचं. मी आलो असतो."

"जागा सांगत नाहीत, राव्ही." दोनातो पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. "आमच्यात बाप मरताना मुलाला सांगतो, अळंबी कुठे उगवते ते. त्याआधी नाही. बायकोला नाही, भावाला नाही. बापाने मला सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि सहा महिन्यांनी मी जहाजात बसलो. मग मी इथे माझी जागा शोधली."

फिलोमेना एकदम रडायला लागली. रडत रडत ती मृणालिनीच्या पाठीशी बोलत होती. "मी म्हटलं त्याला, डोळे दाखव. दोन वर्षं म्हणतेय. लायसन्स काढून घेतील म्हणून जात नाही. मी म्हटलं, आज मी चिरते. तर म्हणाला, हे बायकांचं काम नाही. मृणालिनी, मला वाटलं हातांना कळत असेल. साठ वर्षांचे हात आहेत."

मृणालिनीला तिची दया आली नाही. दया यावी असं तिला वाटलं, पण आली नाही. तिच्या डोळ्यांपुढे फक्त ती बशी होती. ती बशी तिने स्वतःच मुलीच्या हातात दिली होती आणि "सगळं संपव हं," असं बजावलं होतं.

पुढच्या गाडीत एलिओ शांतपणे चालवत होता. चैत्रालीच्या केसांत अजून ती कार्नेशनची वेणी होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "एलिओ. मी खाल्लेलं नाही."

"I know."

"तोंडात घातलं आणि मळमळलं. मी नॅपकिनमध्ये थुंकले. पापा बघत होते म्हणून मी बशी तुझ्याकडे..."

"I know, Chai. मी खाल्ली. सगळी खाल्ली." त्याने तिच्याकडे पाहिलं. फोनवर ती बाई बोलत होती तेव्हा त्याला पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं होतं. बाळ सुरक्षित आहे, ही सुरक्षित आहे. मग दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली.

"घरी का नाही बोललास?"

"पापांसमोर? तो तुकडा त्यांच्या हातात होता." सिग्नल हिरवा झाला. "डॉक्टरला सांगू. आधी डॉक्टरला."

चैत्रालीने त्याचा गिअरवरचा हात धरला. बाळाने लाथ मारली. एरवी ती लगेच त्याचा हात पोटावर ठेवायची. या वेळी तिने तो तसाच धरून ठेवला. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

इमर्जन्सीच्या दारात स्वाइन फ्लूचे बोर्ड लागले होते, हात धुवा, मास्क घाला. मास्क घातलेल्या नर्सने सगळ्यांची नावं घेतली आणि दोघा व्याह्यांना आत नेऊन काळं, चिखलासारखं औषध प्यायला दिलं. पडद्यामागून रविकांतचं कण्हणं ऐकू येत होतं. यामिनी तो पांढरा तुकडा डबीत घालून नर्सच्या मागे मागे फिरत होती. तुकड्याचे फोटो काढून कुठल्या तरी तज्ज्ञाला पाठवले आहेत, एवढंच कळलं. मग बराच वेळ काही कळलं नाही. बाहेर ऊन उतरलं.

मुलीबरोबर आत कोण येणार, असं विचारल्यावर मृणालिनी उठली. फिलोमेना कॉरिडॉरमध्ये जपमाळ घेऊन बसून राहिली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. ती काहीच गोलगोल बोलली नाही. फोटो पाहणाऱ्या तज्ज्ञाच्या मते ती अळंबी विषारी जातीची होती, आणि या जातीत विषाचा परिणाम उशिरा दिसतो. म्हणून तिला नेमकं कळायला हवं होतं.

"How many pieces did you eat, Chaitrali?"

चैत्रालीने एलिओकडे पाहिलं. "None," ती म्हणाली. "I spat it out. He finished my plate."

मृणालिनीला पहिल्यांदा ते ऐकूच गेलं नाही. "काय? एकही नाही? चैत्राली, नीट आठव. एकही नाही?"

"नाही, आई. एकही नाही."

मुलगी वाचली, पोटातलं वाचलं, आणि हा आनंद इतका मोठा होता की त्यात दुसरं काही शिरायला जागाच उरली नाही. तिने चक्क हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

डॉक्टर तोपर्यंत खुर्ची फिरवून एलिओकडे वळली होती. वजन किती, किती वाजता खाल्लं, किती काप. तिने दुसऱ्या नर्सला बोलावलं, मग आणखी एकाला. चैत्राली त्याचा हात सोडत नव्हती आणि नर्स तिला बाजूला व्हायला सांगत होती.

"It's okay, आई," एलिओ मृणालिनीला म्हणाला. मराठीतला हाच शब्द तो सगळ्यात आधी शिकला होता.

तेव्हा कुठे मृणालिनीच्या ध्यानात आलं की आपण हसतोय. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. या मुलासाठी ती नवऱ्याशी वर्षभर भांडली होती, आणि आत्ता त्याच्यासमोर उभी राहून ती हात जोडून हसली होती.

"आई, तू बाहेर जा," चैत्राली म्हणाली. ती रडत नव्हती, तिचा आवाज फक्त पातळ झाला होता. "मम्मांना सांग. दुसऱ्या कुणी सांगू नये. तू सांग."

मृणालिनी पडदा सारून बाहेर आली. चेहरा पुसायला हवा होता, ते तिला सुचलं नाही. फिलोमेना लगेच उठून उभी राहिली. तिने आधी विहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग विचारलं, "The baby?"

"बेबी ओके," मृणालिनी म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"And Chaitrali?"

"चैत्राली ओके. शी डिडन्ट ईट. बट, फिलोमेना, लिसन..."

पुढचं फिलोमेनाने ऐकलंच नाही. तिने मृणालिनीला मिठीत घेतलं, गालांवर, कपाळावर मुके घेतले, आपल्या बोलीत मादॉन्नामातेचे आभार मानले. मग पलीकडच्या पडद्याकडे तोंड करून तिने नवऱ्याला ओरडून सांगितलं की पोरगी वाचली, बाळ वाचलं, सगळं ठीक आहे. पडद्यामागे तो म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. रविकांतचाही आवाज आला, "थँक गॉड, व्याहीबुवा, थँक गॉड." फिलोमेना रडत होती, हसत होती आणि मृणालिनीची पाठ थोपटत होती.

मृणालिनी जिथून आली होती त्या पडद्यामागे कुणाला तरी जोराची उलटी झाली. मग पुन्हा झाली. नर्स धावत आत गेली.

"बिचारा," फिलोमेना मिठी न सोडता म्हणाली. "कुणाचा मुलगा असेल कोण जाणे."

मृणालिनीने तिला घट्ट धरून ठेवलं.